मारास : अर्धे वर्ष मिठाचे, अर्धे बटाट्याचे

कुस्को शहरातून उरुबांबाकडे निघालेला रस्ता चिंचेरोचे पठार ओलांडतो आणि दरीत उतरण्याआधी डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्याने चारेक किलोमीटर आत गेले की मारास लागते. पेरू देशाच्या कुस्को विभागातले, उरुबांबा प्रांतातले हे काही हजार वस्तीचे शेतकरी गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० मीटर उंचीवर आहे. घरे कच्च्या विटांची, छपरे लाल कौलांची, आणि भोवती लाटांसारखे उठत-बसत गेलेले तांबड्या मातीचे पठार. उत्तरेला हे पठार एकदम तुटते. खाली उरुबांबाची दरी आणि दरीपलीकडे चिकोन, वेरोनिका ही बर्फाची शिखरे. पर्यटकांच्या छायाचित्रांत मारास म्हणजे डोंगरउतारावरचे हजारो पांढरे वाफे, एवढेच दिसते. ते मिठागर गावापासून थोडे दूर, एका अरुंद घळीत आहे. तिथे काम करणारी माणसे वर्षातला निम्मा काळ मिठाकडे पाहतही नाहीत, ती शेतात असतात. हे नीट कळले तरच मारास कळते, असे मला वाटते. इथले प्रत्येक जुने घर एक पाय मिठात आणि एक पाय बटाट्यात रोवून उभे आहे, आणि यातला एकच पाय पुरेसा ठरेल असा काळ या गावाच्या वाट्याला फारसा आलेला नाही.

जमिनीपासून सुरुवात करू. या भागाच्या खडकांना भूशास्त्रात मारास याच नावाने ओळखतात. दहा कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटत-भरत राहिला आणि तळाशी जिप्सम, चुनखडी, चिखल आणि मीठ यांचे थर साचले. पुढे अँडीज पर्वत उचलला गेला, तसे हे थर मोडले, दुमडले आणि तीन हजार मीटरवर येऊन बसले. या खडकांचा मुख्य गुण असा की ते पाण्यात विरघळतात. जिप्सम हळू विरघळते, मीठ झपाट्याने. पावसाचे पाणी पठारावर पडते, भेगांतून आत जाते, जाताना खडक खाते आणि कुठेतरी खाली बाहेर येते. मारासच्या तीन गोष्टी या एका गुणातून आल्या आहेत. जिथे पाण्याने मिठाचा थर गाठला तिथे खारा झरा फुटला. जिथे जमिनीखालचे जिप्सम आणि चुनखडी झिजून वरचा भाग खचला तिथे मोठाले गोल खड्डे पडले, त्यांनाच आज मोराय म्हणतात. तिसरी गोष्ट बिनकौतुकाची आहे : पाणी वर टिकत नाही, म्हणून पठारावर गोड्या पाण्याची चणचण कायमची. खाऱ्या झऱ्याने जगाला ठाऊक झालेल्या या गावातली बहुतेक शेती आजही पावसाच्या भरवशावर आहे.

आता मीठ. घळीच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी झरा आहे. धार मोठी नाही, एका पाटात मावते. पण पाणी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारे आहे, आणि सारी रचना त्यावरच उभी आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी दहापट घट्ट झाल्याशिवाय त्यात मिठाचा खडा धरत नाही. म्हणून उरण-पेणच्या मिठागरांत भरतीचे पाणी आधी मोठ्या कोंडीत घ्यावे लागते, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत तापवावे लागते आणि मग शेवटच्या वाफ्यात मीठ उतरते. त्यासाठी सपाट आणि विस्तीर्ण जागा लागते. मारासला हे घट्ट करण्याचे काम जमिनीच्या पोटातच झालेले असते. त्यामुळे चार-पाच चौरस मीटरचा वाफाही मीठ देऊ शकतो, आणि एवढा लहान वाफा डोंगराच्या उभ्या उतारावरही बसवता येतो. असे तीन हजारांहून अधिक वाफे या घळीत पायऱ्यांसारखे उतरत जातात. क्वेचुआ भाषेत या जागेला काची राकाय म्हणतात. काची म्हणजे मीठ.

काम सुरू होते पाऊस संपल्यावर, मे महिन्याच्या सुमारास. चार-पाच महिन्यांच्या पावसाने वाफे गढूळ झालेले असतात, बांध ओघळलेले असतात. आधी सगळा गाळ उपसायचा. मग चिकणमातीने बांध लिंपायचे आणि वाफ्याचा तळ ठोकून घट्ट करायचा. तळ हा वाफ्याचा जीव. तो पोकळ राहिला तर पाणी जमिनीत जिरते आणि महिनाभर थांबून हाती येते ते चिखलमिश्रित मीठ. दुसरे काम पाटाचे. खाऱ्या पाण्याचा पाट स्वतःच मिठाने भरत जातो. काठावर, तळाशी पापुद्रा चढतो, पाटाचे तोंड आवळते आणि शेवटच्या टोकाच्या वाफ्यांना पाणी पोचेनासे होते. हा पापुद्रा पुन्हा पुन्हा फोडून काढावा लागतो, आणि ते काम कोणा एकाचे नसते.

वाफा तयार झाला की पाटाच्या काठावरचे बोटभर छिद्र उघडायचे, काही सेंटिमीटर पाणी घ्यायचे आणि दगड किंवा चिकणमातीचा बोळा लावून छिद्र बंद करायचे. कोरडी हवा, या उंचीवरचे कडक ऊन आणि दुपारी दरीतून चढणारा वारा यांनी पाणी भराभर आटते. तीनेक दिवसांनी पुन्हा पाणी घ्यायचे, आटू द्यायचे, पुन्हा घ्यायचे. असे महिनाभर चालले की तळाशी सुमारे दहा सेंटिमीटरचा थर बसतो. मग लाकडी धुमसाने तो फोडायचा. अवजारे शक्यतो लाकडाची, कारण लोखंड इथे गंजून जाते. फोडलेला थर खरवडून ढीग करायचा, टोपल्यांत घालून निथळू द्यायचा आणि मग पोत्यांत भरायचा. यानंतरचा भाग सर्वांत कष्टाचा. वाफ्यांमधली वाट पाऊलभर रुंदीची, बांधावरूनच गेलेली आणि मिठाने निसरडी. या वाटेवरून पाठीवर पोते घेऊन कोठारापर्यंत चढायचे. घळीत गाडी उतरत नाही, आणि उतरू शकेल असा रस्ता केला तर वाफेच राहणार नाहीत.

एकाच वाफ्यातून तीन प्रतींचे मीठ निघते. अगदी वरचा नाजूक, हलका थर सर्वांत महाग जातो. त्याखालचा जाड, गुलाबी छटेचा थर जेवणाच्या मिठाचा. तळाचा, मातीला लागलेला तपकिरी थर गुरांना चाटायला, कातडी कमवायला, न्हाणीच्या पाण्यात घालायला जातो. खरवडणाऱ्याच्या हाताला अंदाज नसेल तर तळाची माती मधल्या थरात येते आणि सगळ्या मालाची प्रत उतरते. गुलाबी रंग लोहासारख्या खनिजांच्या अंशाचा आणि बारीक मातीचा आहे. त्या रंगावरून या मिठाला औषध म्हणून विकले जाते, ते मला पटत नाही. हे चांगले, खरपूस चवीचे, हातांनी काढलेले मीठ आहे, आणि त्याची किंमत या हातांमुळे वाढावी. शिवाय खडकातून येणाऱ्या मिठात आयोडीन जवळजवळ नसते. अँडीजच्या डोंगराळ भागात गलगंड पिढ्यानपिढ्या होता तो आयोडीनच्या कमतरतेनेच. मिठात आयोडीन मिसळण्याची मोहीम पेरूने विसाव्या शतकाच्या अखेरीस नेटाने चालवली तेव्हा तो आटोक्यात आला. रोजच्या स्वयंपाकासाठी घ्यायचे तर आयोडीनयुक्तच घ्यावे, रंग कोणताही असो.

वाफे वारसाने चालत येतात. मालकी मारास आणि घळीच्या तळाशी असलेल्या पिचिंगोतो या दोन वस्त्यांतल्या कुटुंबांची, शेकडो घरांत विभागलेली. कोणाकडे चार-पाच वाफे, कोणाकडे कितीतरी जास्त. नव्याने वाटा मागणाऱ्या घराला जवळचे, पाण्याच्या तोंडाशी असलेले वाफे मिळत नाहीत. कडेचे, पडीक वाफे मिळतात, आणि ते उभे करायला दुप्पट मेहनत पडते. मिठाची खरेदी आणि विक्री मारासाल ही कंपनी करते. ती या कुटुंबांचीच आहे. वाफा खासगी, पाट सामाईक आणि विक्री एकत्र, अशी ही मांडणी. यातला कमकुवत दुवा कुठे आहे तो उतारावर उभे राहिले की दिसतो. वरच्या वाफ्याचा बांध फुटला तर त्यातले पाणी खालच्या वाफ्यात उतरते, बरोबर माती आणते आणि पिकत आलेला थर गढूळ करते. त्यामुळे एखाद्या घराने वाफा टाकून दिला तर ते त्या घराचे एकट्याचे नुकसान राहत नाही.

पावसाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, हे काम बंद. पडणारे पाणी मीठ विरघळवते आणि वाफे चॉकलेटी रंगाचे होतात. त्या दिवसांत आलेले पर्यटक हिरमुसतात. गाव मात्र तेव्हा शेतात असते.

शेताकडे वळण्याआधी थोडा इतिहास, कारण मिठाला आणि शेताला जोडणारा तिसरा धागा तिथे आहे, वाहतुकीचा. इंका सत्ता पसरण्याआधी या पठारावर आयारमाका लोकांचे वर्चस्व होते. कुस्कोचे इंका आणि हे आयारमाका यांच्यात बराच काळ चढाओढ होती. इंकांच्या उत्पत्तिकथेत पाकारितांबो इथल्या डोंगराला तीन खिडक्या आहेत. त्यांतल्या एकीतून इंका बाहेर पडले आणि दुसरीतून, मारास-तोको नावाच्या खिडकीतून, मारास लोक. म्हणजे राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या कथेतही शेजाऱ्यांना जन्माचे दार वेगळे आणि बरोबरीचे दिले आहे. त्याच कथेतला आयार काची हा चार भावांतला सर्वांत बलदंड. भावांनी त्याच्या ताकदीला भिऊन त्याला फसवून गुहेत परत पाठवले आणि तोंड दगडाने बंद केले. मारासचे लोक सांगतात, त्या कोंडलेल्या भावाचे अश्रू म्हणजे हा खारा झरा.

स्पॅनिश गाव १५५६ मध्ये पेद्रो ऑर्तिस दे ओरुए याने वसवले असे सांगतात. आज गावातून फिरताना साध्या मातीच्या भिंतींत मधूनच कोरीव दगडी चौकटी दिसतात. चौकटीच्या माथ्यावर घराण्यांची चिन्हे, येशूच्या नावाची आद्याक्षरे, कुठे वर्ष कोरलेले. एवढ्या लहान गावात हा थाट कुठून आला? मिठातून काही, पण पुष्कळसा खेचरांच्या तांड्यांतून. ला कोन्व्हेन्सियोनच्या उष्ण खोऱ्यातून कोका, साखर, दारू वर आणायची आणि कुस्कोकडे न्यायची, खोऱ्यात उतरताना मीठ आणि धान्य न्यायचे, हा मारासच्या खेचरवाल्यांचा धंदा होता. त्याआधी हेच काम लामा ही उंटकुळातली जनावरे करत. लामा पंचवीस-तीस किलोच वाहतो. खेचर त्याच्या तिपटी-चौपटीने वाहते, पण त्याला चारा चांगला लागतो आणि पाणी तर लागतेच. उंचावरच्या मेंढपाळांकडून लोकर आणि सुके मांस घ्यायचे, त्यांना मीठ द्यायचे. खालच्या दरीतून मका घ्यायचा, तिथेही मीठ द्यायचे, अशी देवघेव पैशाशिवाय चाले. मीठ कुजत नाही, सर्वांना लागते आणि मापता येते. या डोंगरांत त्याने कित्येक शतके नाण्याचे काम केले. मोटाररस्ते आणि आगगाडी आल्यावर खेचरांचे तांडे संपले, आणि गावातली ती श्रीमंतीही त्या चौकटींत थबकून राहिली.

मिठावर सत्तेची नजर जायचीच. १८७९ ते १८८३ च्या युद्धात चिलीने ताक्ना आणि आरिका हे पेरूचे प्रदेश घेतले होते. ते सोडवायला लागणारा पैसा उभा करण्यासाठी निकोलास दे पिएरोला यांच्या सरकारने १८९६ मध्ये मिठावर कर बसवला आणि पुढे मिठाचा व्यापार सरकारी मक्तेदारीत नेला. त्याच वर्षी आयाकुचो भागातल्या उआंता इथे शेतकऱ्यांनी उठाव केला आणि तो रक्ताने दडपला गेला. १९३० मध्ये शिरोड्याला आणि वडाळ्याला मिठासाठी लाठ्या खाल्लेल्या महाराष्ट्राला हा राग समजावून सांगावा लागणार नाही. ताक्ना अखेर १९२९ मध्ये परत मिळाले, आरिका चिलीकडेच राहिले, आणि मिठाची मक्तेदारी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे चालली.

मोरायबद्दल लोक फार बोलतात, म्हणून मी थोडेच बोलतो. मारासपासून काही किलोमीटरवर, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर जमिनीत खचलेले चार गोल खड्डे आहेत. त्यांच्या उतारांवर इंकांनी एकात एक वर्तुळाकार पायऱ्यांची शेते बांधली. सर्वांत मोठा खड्डा तीसेक मीटर खोल आहे. भिंतीतून बाहेर काढलेले सुटे दगड हाच जिना. १९३१ मध्ये शिप्पी आणि जॉन्सन यांच्या हवाई मोहिमेने वरून छायाचित्रे काढली, तेव्हा बाहेरच्या जगाने त्यांच्याकडे पहिल्यांदा लक्ष दिले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ जॉन अर्ल्स यांनी तिथली माती आणि हवा मोजून मांडले की वेगवेगळ्या पायऱ्यांवर वेगवेगळे हवामान मिळते, म्हणून ही पिकांच्या प्रयोगांची जागा असावी. काही अभियंते हे मानत नाहीत, जागा पूजाविधीची होती असे म्हणतात. मला अधिक मोलाचे वाटते ते निराळेच. मोठ्यातला मोठा पाऊस झाला तरी खड्ड्याच्या तळाशी पाणी साचत नाही. विरघळलेल्या खडकातून ते निघून जाते. बांधणाऱ्यांनी ही जागा ओळखली, आणि भिंतींमागे भर घालून, पाणी पाटाने खेळवून ती वापरली. २०१० च्या जानेवारीत कुस्को भागात अतिवृष्टी झाली आणि इथल्या काही भिंती कोसळल्या. भिंतीमागची माती पाण्याने फुगली की दगड बाहेर ढकलला जातो. तळ कोरडा राहतो म्हणून भिंत टिकतेच असे नाही, तिची देखभाल दरवर्षी करावीच लागते.

या पठारावरची शेती म्हणजे बटाटा, जव, गहू, बाकला, वाटाणा, तारवी नावाचा कडू घेवड्यासारखा दाणा आणि थोडा किन्वा. मका उतारावर आणि खाली दरीत. तिथला भल्या मोठ्या दाण्याचा पांढरा मका प्रसिद्ध आहे, आणि २००५ पासून त्याला पेरूत भौगोलिक ओळखीचे संरक्षणही आहे. कुठल्या जमिनीत काय पेरायचे हे पाण्याइतकेच थंडी ठरवते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन खोलगट जागी साचते आणि तिथले पीक कोळपते, तर दहा-वीस मीटर वरच्या उतारावरचे वाचते. म्हणून शहाणा शेतकरी आपले सगळे बटाटे एका शेतात लावत नाही. एक तुकडा उतारावर, एक सपाटीवर, एक उंचावर. जातीही मिसळून. गारपीट एका पट्ट्यात होते, करपा दमट वर्षात पडतो, दहिवर कोरड्या वर्षात. तिन्ही एकाच वेळी सगळे तुकडे मारत नाहीत. सरकारी नजरेला ही तुकड्यांची शेती मागास दिसते. मला ती या हवामानाला दिलेले सर्वांत विचारी उत्तर वाटते.

लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पहिल्या पावसावर. विश्रांती दिलेल्या जमिनीत पहिले पीक बटाट्याचे, मग बाकला किंवा जव, मग पुन्हा पड. उभ्या उतारावर अजून पायनांगर चालतो. त्याला चाकिताक्ल्या म्हणतात. लांब दांडा, टोकाला लोखंडी पाते, पात्याच्या वर पाऊल ठेवायची आडवी खुंटी आणि हाताला धरायला वाकडी मूठ. दोन पुरुष शेजारी उभे राहून पाय देतात, ढेकूळ उचलतात, आणि समोरची बाई ते हाताने उलथवते. ओळीने काम चालते आणि उतारावरची माती बैलनांगराने जितकी खाली सरकते तितकी इथे सरकत नाही. सपाटीवर बैल आणि तासाच्या भाड्याने ट्रॅक्टर आले आहेत. कोंबडीच्या अंड्याएवढे बियाणे, खाली वाळलेले मेंढीचे खत, झाड वीतभर झाले की मातीची पहिली भर, महिनाभराने दुसरी. भर कमी पडली तर बटाटा उघडा पडून हिरवा होतो, आणि कीड आत शिरायला वाट मोकळी होते. इथली मुख्य कीड म्हणजे अँडीजचा सोंड्या भुंगेरा. त्याची अळी बटाट्यात बोगदे करते आणि साठवणीतच बाहेर पडते. म्हणून काढणीनंतर बटाटे जमिनीवर ढीग करून ठेवत नाहीत, आणि कोठारात थराथरात मुन्या या उग्र वासाच्या रानपुदिन्याच्या फांद्या घालतात. एवढे काम एका घराने उरकत नाही. ते आयनीने होते. आपल्याकडे ज्याला सावड म्हणतात तेच : आज मी तुझ्या शेतात, परवा तू माझ्या.

पेरणीची तारीख ठरवायला जूनच्या अखेरीस पहाटे कृत्तिका पाहतात. कृत्तिका ठळक आणि मोठ्या दिसल्या तर पाऊस वेळेवर, पुसट दिसल्या तर लागवड काही आठवडे पुढे ढकलायची. अँडीजच्या बऱ्याच भागांत ही चाल आहे. २००० मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे कारण उलगडून दाखवले. एल निन्योच्या वर्षी फार उंचावर विरळ ढग वाढतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत पण कृत्तिकांचा प्रकाश मंद करतात, आणि त्या वर्षी या पठारांवर पुढचा पाऊस कमी आणि उशिरा होतो. १९८२-८३ च्या एल निन्योत दक्षिण पेरूच्या डोंगरांत असाच मोठा दुष्काळ पडला होता. मोरायजवळच्या मिस्मिनाय वस्तीचे लोक आकाशगंगेला नदी मानतात आणि तिच्यातल्या काळ्या पट्ट्यांत लामा, कोल्हा, बेडूक ओळखतात. मृग आणि आर्द्रा पाहून पाभर काढणाऱ्या शेतकऱ्याला यात अंधश्रद्धा दिसू नये.

मे-जूनमध्ये काढणी. त्या दिवसांत शेतातच वातिया होते. कोरड्या ढेकळांचा कमरेपेक्षा बुटका घुमट रचायचा, समोर तोंड ठेवायचे, आत काटक्या आणि पेंढा जाळायचा. ढेकळे तापून लालसर झाली की निखारे बाहेर ओढायचे, बटाटे आत टाकायचे आणि घुमट त्यांच्यावर ढासळून वरून माती लोटायची. अर्ध्या-पाऊण तासात बटाटे भाजून तयार. ढेकळे ओली असतील तर घुमट तडकून कोसळतो, आणि तापवणे कमी पडले तर बटाटा मधोमध कच्चा राहतो. सोबत मिरचीचे वाटण आणि ताजे चीज.

जून-जुलैच्या रात्री उंचावरच्या वस्त्यांत पारा शून्याच्या बराच खाली जातो, तेव्हा मोराया, म्हणजे गोठवून सुकवलेला पांढरा बटाटा, बनते (मोरायच्या खड्ड्यांशी गल्लत नको). कडू जातीचे बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, मग दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, मग पायांनी तुडवून पाणी आणि साल काढतात आणि उन्हात वाळवतात. पाण्यात न घालता नुसते गोठवून, तुडवून वाळवले तर काळा चुन्यो होतो. पाण्यामुळे कडू द्रव्य धुऊन जाते आणि रंग पांढरा येतो. चार-पाच किलो बटाट्यांचा एक किलोच उरतो, पण तो वर्षानुवर्षे टिकतो. पुरेशी थंडी पडली नाही, किंवा गोठल्यावर आभाळ आले, तर माल आंबतो. अलीकडे अशा उबदार रात्री वाढल्याची तक्रार या डोंगरांत सगळीकडे ऐकू येते.

हेच महिने मिठाचेही. काढणी, मोराया आणि वाफ्यांची डागडुजी एकमेकांवर येतात, आणि घरातली माणसे वाटून घ्यावी लागतात : तरुण शेतात, थोरली आणि बाया वाफ्यांवर, सावड दोन्हीकडे. ही ओढाताण मारासच्या जुन्या अर्थव्यवस्थेची खूण होती. जमीन या लोकांच्या हाती पूर्वीपासून सरळ होती असेही नाही. पठाराचा मोठा भाग जमीनदारांचा होता. २४ जून १९६९ रोजी हुआन वेलास्को आल्वारादो यांच्या सरकारने जमीनसुधारणेचा कायदा आणला, जमीनदाऱ्या मोडल्या, सहकारी संस्था झाल्या. त्या फार वर्षे चालल्या नाहीत आणि जमीन शेतकरी समूहांत आणि घरांत वाटली गेली. वाफ्यांसारखीच लहान-लहान तुकड्यांत.

आता तिसरे पीक आले आहे, तिकिटाचे. मिठागराच्या तोंडाशी प्रवेशशुल्क घेतात. तो पैसा वाफेवाल्या कुटुंबांच्या संस्थेकडे जातो आणि त्यांच्यात वाटला जातो. मोरायचे तसे नाही. ते कुस्कोच्या एकत्रित पर्यटन तिकिटात येते आणि त्याचा हिशेब कुस्कोत होतो. एकाच गावाच्या दोन जागा आणि दोन निराळ्या तिजोऱ्या. शेजारी ठेवून पाहिल्या की स्थानिक मालकी म्हणजे काय ते कळते. पर्यटक आधी बांधांवरून थेट वाफ्यांत फिरत. बुटांची माती, कचरा मिठात पडे, बांध ढासळत. २०१९ मध्ये त्यांना वाफ्यांत जाण्यास मनाई झाली आणि आता ते कडेच्या वाटेवरून पाहतात. तो निर्णय योग्यच होता. अन्न पिकते त्या जागेत कोणी बूट घालून हिंडू नये. पठारावर मात्र चारचाकी मोटारसायकलींचे तांडे शेतवाटांवरून धूळ उडवत फिरतात. त्यांना अजून असा कोणी थोपवलेला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये पेरूने सीमा बंद केल्या आणि तिकिटाचे पीक एका रात्रीत बुडाले. बटाटे मात्र जमिनीत होते आणि काढणी तोंडावर आली होती. ज्या घरांनी शेत सोडून सगळे तिकिटावर आणि टॅक्सीवर लावले होते त्यांची अवस्था इतरांहून वाईट असणार, हे कळायला आकडे लागत नाहीत. आता चिंचेरोला नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला जातो आहे, मारासपासून पुरता तासाभराच्याही आत. पठारावरच्या जमिनीला शेतीपेक्षा हॉटेलचा भाव येऊ लागला आहे, आणि आधीच अपुऱ्या गोड्या पाण्यावर आणखी ओढ पडणार आहे. कुस्को शहराला पाणी पुरवणारे पिउराय तळेही याच परिसरात आहे.

मिठागरापुरती काळजी वेगळी आहे. तिकिटातला वाटा मीठ न काढताही मिळत असेल तर उन्हात पोते वाहायला तरुण का जाईल? वाफा पांढरा दिसला तरच तिकीट खपते, आणि तो पांढरा राहतो रोज छिद्र उघडून बंद करणाऱ्या, पापुद्रा फोडणाऱ्या माणसामुळे. माझ्या मते तिकिटाच्या पैशातून सर्वांत आधी, वाटणीच्याही आधी, पाटाच्या सफाईची आणि वरच्या ओळींतल्या पडीक वाफ्यांच्या डागडुजीची मजुरी निघाली पाहिजे, आणि मालक गावात नसला तरी ते काम संस्थेने करून घेतले पाहिजे. ते एप्रिल संपता संपता, पहिले पाणी सोडण्याआधी व्हावे लागते आणि वरून खालीच करत यावे लागते. खालच्या वाफ्यांची चिकणमाती ओली असताना वरून गाळ आला तर सगळे लिंपण पुन्हा करावे लागते, आणि तोवर बटाट्याची काढणी सुरू झालेली असते.